आधी रू, मग बाकी सगळं

लुइझियानाचा गंबो करणार आहे म्हटलं की मिनेसोटातले ओळखीचे लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "पण आंडूई कुठून आणतेस?" जणू ते सॉसेज घरात आलं की पुढचं सगळं आपोआप होणार. माझं मत नेमकं उलटं आहे. आंडूईवाचून गंबो अडत नाही. रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा, कच्चा राहिला आणि स्टॉक खोक्यातला असला, तर मात्र लुइझियानाहून विमानाने आलेली आंडूई घातली तरी हाती लागतं ते सॉसेजचं कालवण.

एवढं ठामपणे बोलायचा हक्क मी कमावलाय असं समजते. एमएससाठी लुइझियानातल्या बॅटन रूजला गेले, पुढे नोकरी तिथल्याच लाफियेटला लागली, आणि लग्न करून मिनेसोटातल्या सेंट पॉलला येईपर्यंत जीभ पूर्ण तिकडची झाली होती. मूळची अलिबागची असल्यामुळे तिला फार वळण लावावं लागलं नाही म्हणा.

ज्यांनी गंबो खाल्लाच नाही त्यांच्यापुरतं थोडक्यात सांगते. भातावर घेऊन खायचा हा रस्सा. तेलात गडद तपकिरी होईपर्यंत भाजलेला मैदा, म्हणजे रू, हा त्याचा पाया. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघांना तिकडे 'होली ट्रिनिटी' म्हणतात आणि गाजर घालणाऱ्याकडे दयेने बघतात. मग स्टॉक, मग एकतर कोंबडी आणि सॉसेज, नाहीतर कोळंबी, खेकडे, ऑयस्टर. दाटपणा वाढवायला भेंडी किंवा फिले नावाची पानांची पूड. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल आणि लाफियेटच्या बाजूचा केजन ही दोन मोठी घराणी, पण खरं तर घरटी एक घराणं आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा गंबो पाणचट वाटतो.

मला शिकवलं ते लाफियेटच्या घरमालकीणबाईंनी. सत्तरी ओलांडलेल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मग लग्न झालेलं असो वा नसो. मीही तशीच मारायचे, पण मनातल्या मनात त्या आजीच होत्या. राज्याच्या 1921 च्या संविधानाने शाळांमधून तिथल्या केजन घरांत बोलली जाणारी फ्रेंच हद्दपार केली होती. त्यांच्या पिढीतल्या मुलांच्या तोंडून वर्गात फ्रेंच शब्द निघाला की 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असं पानभर लिहावं लागायचं. आजींनी ते लिहिलं होतं. त्याचा सूड म्हणून की काय, रू ढवळताना त्या फक्त फ्रेंच बोलायच्या. त्यातल्या निम्म्या शिव्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

तर रू. एक कप तेल, एक कप मैदा. मापाचा कप, चहाचा नव्हे. तेल बिनवासाचं घ्यायचं. लोणी नको, कारण त्यातला दुधाचा अंश मैद्याच्या कितीतरी आधी करपतो. क्रिओल स्वयंपाकात लोण्याचा रू असतो, पण तो फिकट रंगावरच थांबवतात. तूप चालेल का, हे मला प्रत्येक मराठी मैत्रिणीने विचारलंय. चालतं, दुधाचा अंश निघून गेलेला असतो. पण तुपाचा वास खेकड्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून मी घालत नाही.

भांडं जाड बुडाचं, बिडाचं असेल तर उत्तम. हातात सपाट टोकाचा लाकडी कालथा, म्हणजे बुडाच्या कडेला मैदा चिकटून राहत नाही. आच मध्यम किंवा त्याहून जरा कमी. फोन दुसऱ्या खोलीत. आणि मग पाऊण तास तिथून हलायचं नाही.

बेसनाच्या लाडवांवर हात बसलेल्या बायकांना इथे एक धोका आहे. बेसन भाजताना खमंग वास सुटला, रंग बदलला, की आपण गॅस बंद करतो. ते हातातच बसलेलं असतं. रूचा तो पहिला खमंग वास पंधरा-वीस मिनिटांतच सुटतो. रंग पीनट बटरसारखा होतो, घरभर छान भाजल्याचा घमघमाट येतो, आणि आपला हात आपसूक बटणाकडे जातो. थांबायचं नाही. ही फक्त पहिली मजल आहे. इथून पुढे रंग अमेरिकन एका सेंटच्या जुन्या नाण्याकडे जातो, मिश्रण सैल होतं, कालथ्याखाली सहज पळायला लागतं. वासातला गोडवा ओसरतो आणि कॉफीसारखी एक कडसर कडा येते. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत रंग मिल्क चॉकलेटवरून डार्क चॉकलेटवर इतक्या झपाट्याने उतरतो की तेव्हा दाराची बेल वाजली तरी उघडायला जाऊ नये.

आईला एकदा व्हिडिओ कॉलवर हा टप्पा दाखवला. ती म्हणाली, "अगं, करपलं ते. टाकून दे आणि दुसरं घे."

"आई, अजून पाच मिनिटं आहेत."

त्यावर ती मला काही बोलली नाही. बाबांना हाक मारली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

करपलेला आणि गडद यातला फरक मात्र नीट ओळखता यायला हवा. गडद रू एकसारखा, चकाकणारा असतो. करपलेल्यात काळे ठिपके दिसतात आणि वास नाकात टोचतो. ठिपके दिसले की टाकून द्यायचा, तोही गार झाल्यावर. वरून कितीही स्टॉक ओता, तो कडूपणा लपत नाही.

रू जितका गडद तितकी त्याची दाटपणा द्यायची ताकद कमी. मैद्यातला स्टार्च भाजता भाजता तुटत जातो. म्हणून लाफियेटकडचा काळपट गंबो दिसायला पातळ असतो आणि चवीला खोल. पीनट बटरवर थांबलं तर रस्सा भराभर दाटतो आणि मैद्याची चव जिभेवर रेंगाळते. अमेरिकेतल्या इतर राज्यांत हॉटेलांमध्ये गंबो म्हणून जो चमचा उभा राहील असा पदार्थ पुढे येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पाऊण तास ढवळायला माणूस उभा करणं त्यांना परवडत नाही.

घाईची वाटही आहे. पॉल प्रुडोम, ओपेलूससजवळच्या शेतकरी घरातले, तेरा भावंडांतले धाकटे, यांनी 1979 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये 'के-पॉल्स' उघडलं आणि केजन जेवण देशभर गाजवलं. ते तेल धूर येईपर्यंत तापवून त्यात मैदा घालायचे आणि काही मिनिटांत रू उतरवायचे. उडालेला थेंब कातडीला चिकटतो म्हणून अशा रूला 'केजन नेपाम' म्हणतात, युद्धातल्या चिकट आगीच्या बॉम्बवरून. मी त्या वाटेला जात नाही. इथे जानेवारीत खिडक्या बर्फाने जाम झालेल्या असतात आणि छतावरचा धुराचा अलार्म नुसत्या फोडणीला कोकलतो. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी तेल-मैदा एकत्र करून बिडाच्या भांड्यात 350 फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये ठेवावा, दर वीस मिनिटांनी ढवळावा. दीड-दोन तासांत रंग येतो. आणि लुइझियानात तर तयार रूच्या बरण्यांनी सुपरमार्केटचं अख्खं फडताळ भरलेलं असतं. आजींच्या कपाटातही मागच्या रांगेत एक होती. मी ती पाहिली हे त्यांनीही पाहिलं. तो विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

रंग जमला की क्षणाचाही वेळ न घालवता कांदा टाकायचा. म्हणजे तो आधीच चिरून हाताशी हवा. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट वर येतो आणि रू एकदम आणखी काळवंडतो. पहिल्यांदा बघणारा माणूस तिथे घाबरतो. पण कांद्याच्या पाण्याने तापमान उतरतं आणि भाजणं थांबतं, त्यासाठीच तर तो घालायचा. आजी आधी एकटा कांदाच घालायच्या, तो मऊ होऊन गोडसर वास आला की मग सेलरी आणि ढोबळी मिरची. तिन्ही एकदम घातलं तर ढोबळीचं पाणी कांद्याला परतू देत नाही. शेवटी लसूण. या सगळ्या वेळात माझा नवरा अलार्मखाली टॉवेल हलवत उभा असतो. त्याचं गंबोतलं योगदान एवढंच, पण ते मोलाचं आहे.

आता स्टॉक. इथे कुणी सवलत मागू नये. लाफियेटच्या दुकानात गंबोसाठी म्हणून वेगळी म्हातारी कोंबडी मिळते, 'गंबो हेन'. आपल्या गावठीसारखी, मांस चिवट पण रस्सा दणदणीत. इथल्या नेहमीच्या दुकानातल्या गुबगुबीत कोंबडीला दोन तास उकळलं तर मांसाचा लगदा होतो आणि पाणी ते पाणीच राहतं. मिनीॲपोलिसमध्ये सोमाली वस्ती मोठी आहे, तिथल्या हलाल दुकानांत 'हार्ड चिकन' मागितलं की हवी ती कोंबडी मिळते. अडीच तास मंद आचेवर, कांद्याची टरफलं आणि सेलरीचे देठ घालून. तीही मिळाली नाही तर हाडासकट मांड्या आणि वर चार पंख घालावेत, पंखांनी रश्शाला अंग येतं.

कोळंबीचा गंबो असेल तर डोक्यासकट कोळंबी शोधावी. सेंट पॉलच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर आग्नेय आशियाई दुकानांची रांग आहे, तिथे ती मिळते, शिवाय खेकड्याचे गोठवलेले अर्धे तुकडेही मिळतात. डोकी आणि सालं थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतायची, मग पाणी, मग अर्धा तास. त्याहून जास्त उकळलं तर कडसरपणा येतो. गाळताना डोकी पळीने दाबून घ्यायची, सगळं केशरी सत्त्व त्यांत असतं. कोळंबी स्वतः मात्र अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या चार-पाच मिनिटं आधी.

आणि सोडे! हे मला लाफियेटला कळलं तेव्हा मी आजींच्या स्वयंपाकघरात आनंदाने ओरडले होते. लुइझियानाच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकापासून कोळंबी वाळवतात. बॅराटेरिया खाडीत पाण्यात खांब रोवून त्यांवर लाकडी फलाट बांधले होते, त्यांवर फिलिपिनो आणि चिनी कोळी कोळंबी पसरून वाळवायचे. त्यातलं एक गावच होतं, मनिला व्हिलेज नावाचं. ते 1965 च्या बेट्सी चक्रीवादळात गेलं. वाळवलेली कोळंबी अजूनही तिकडच्या घरात गंबोत पडते. मी मूठभर सोडे कोरडे भाजते, खलबत्त्यात भरड करते आणि स्टॉकमध्ये घालते. नवरा नागपूरचा. वास सुटला की तो बाल्कनीचं दार उघडतो, बाहेर उणे वीस असलं तरी.

स्टॉक रूमध्ये पळी-पळीने घालायचा, दर पळीला ढवळून. सुरुवातीला फुटल्यासारखं दिसतं, तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे. उकळी आली की जुळून येतं. मग झाकण अर्धवट ठेवून दीड तास तरी मंद आच.

आता त्या आंडूईकडे वळते. न्यू ऑर्लिन्सच्या वर, मिसिसिपीच्या काठी लाप्लास नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची आंडूई राजधानी म्हणवतं आणि तो दावा मला मान्य आहे. डुकराच्या खांद्याचे जाडसर तुकडे, भरपूर लसूण, मिरी, आणि लाकडाच्या धुरात तासन्‌तास. कापल्यावर आत मांसाचे तुकडे वेगळे दिसतात, वाटलेला लगदा नसतो. ते थंड पेटीतून मागवता येतं, पण मालापेक्षा पेटीचं भाडं जास्त पडतं. मिनीॲपोलिसच्या ईशान्य भागात पोलिश आणि युक्रेनियन लोकांच्या जुन्या वस्त्या, तिथे सॉसेज उत्तम मिळतं. दोनदा धुरी दिलेलं किल्बासा घ्यायचं, जाड चकत्या करायच्या, रूच्या आधी त्याच भांड्यात लालसर परतून बाजूला काढायच्या आणि सुटलेली चरबी मोजून तेलात धरायची. आंडूईतला जो लसूण आणि तिखट कमी पडतो तो आपण वरून घालू शकतो. धूर वरून घालता येत नाही, म्हणून धुरी कमी असलेलं सॉसेज घेऊ नये. बाटलीतला द्रवरूप धूर मी घरात आणत नाही.

भेंडीसाठी मी मिनीॲपोलिसजवळच्या ब्रुकलिन पार्कला जाते. तिथे लायबेरियन लोक बरेच आहेत. एका दुकानात भेंडी, सुकी मासळी आणि लाल पामतेल शेजारी शेजारी मांडलेलं असतं. दुकानातल्या बाईंनी एकदा टोपलीत बघून विचारलं, "भेंडीचं सूप?" मी म्हटलं, गंबो. त्या म्हणाल्या, "तेच ते. त्यांनी फक्त मैदा घातला." वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण बाईंचं बरोबर होतं. भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर तिकडे गेली आणि गंबो हे नावही तिचंच आहे.

भेंडी शिजवायला आपल्याला कुणी शिकवायला नको, फक्त हेतू थोडा वेगळा. आपण तार मोडायला ताक नाहीतर कोकम घालतो. इथे थोडी तार हवी असते, कारण तीच रस्सा बांधते. वेगळ्या कढईत तेलावर तार जवळजवळ जाईपर्यंत परतायची आणि मग गंबोत तासभर विरघळू द्यायची. गोठवलेली चिरलेली भेंडीही चालते, उगाच नाक मुरडू नये.

हिवाळ्यात भेंडी नसली की फिले. सॅसाफ्रास झाडाची वाळवलेली पानं दळून केलेली ही पूड तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची देणगी. बायू लकोम्बच्या बाजूच्या चॉक्टॉ बायका न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटमध्ये बसून ती विकायच्या. याच झाडाच्या मुळांत सॅफ्रोल असतं, त्यावर अमेरिकेत 1960 मध्ये खाद्यपदार्थांत बंदी आली. पानांत ते नगण्य, म्हणून फिले अजून मिळतं. ते उकळत्या रश्शात घालायचं नाही, दोरे सुटतात. गॅस बंद केल्यावर, किंवा त्याहून बरं म्हणजे ताटलीत वाढल्यावर वरून चिमूटभर. वास मातकट, थोडा निलगिरीच्या अंगाने जाणारा. डबी इथल्या मोठ्या दुकानात मसाल्यांमध्ये मिळते, पण हिरवी दिसली तरच घ्या. तपकिरी झालेलं फिले म्हणजे नुसता भुसा.

लांबच्या मुलखात केलेला गंबो खरा नाही, असं म्हणणारे भेटतात. विशेषतः असे, जे लुइझियानात फक्त मार्डी ग्राच्या उत्सवाला चार दिवस जाऊन आलेत. केजन लोकांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे आजच्या कॅनडात वसलेले फ्रेंच. ब्रिटिशांनी 1755 पासून त्यांना नोव्हा स्कोशियातून बोटींत भरून हाकललं, आणि भटकत भटकत त्यातले काही लुइझियानाच्या दलदलीत पोचले. भेंडी आणणारे तर साखळदंडात आले. लाप्लासच्या काठावर अठराव्या शतकात जर्मन येऊन वसले, त्या पट्ट्याला अजून 'जर्मन कोस्ट' म्हणतात. या सगळ्यांत आपल्या घरी होते ते फक्त चॉक्टॉ. त्यामुळे सेंट पॉलच्या माझ्या शेगडीला कुणी परकं म्हटलं तर मी ऐकून घेते आणि ढवळत राहते.

मार्डी ग्राचा विषय निघालाच आहे तर सांगते: न्यू ऑर्लिन्सची मिरवणूक सगळ्यांना माहीत असते, पण गंबोचा खरा मार्डी ग्रा मामू आणि युनिसच्या बाजूला. तिथे 'कुरीर' निघते. चिंध्यांचे रंगीत कपडे, जाळीचे मुखवटे, टोकदार टोप्या, घोड्यांवर बसलेले लोक घरोघरी जाऊन गंबोचं सामान मागतात. पुढे त्यांचा 'कॅपिटेन', तो मुखवटा घालत नाही. घरधनी जिवंत कोंबडी हवेत सोडतो आणि ही सगळी मोठी माणसं चिखलात लोळत तिच्यामागे धावतात. मी युनिसला पाहिलं तेव्हा कोंबडी एका गाडीखाली जाऊन बसली होती आणि चार मुखवटे पोटावर झोपून तिची विनवणी करत होते. संध्याकाळी सगळ्या गावाचा गंबो.

टोमॅटोबद्दल मी फार लिहिणार नाही. न्यू ऑर्लिन्सच्या भेंडी-कोळंबीच्या गंबोत तो असतो, लाफियेटला घातलात तर जेवायला थांबणार नाहीत. आजींचा निकाल: "टोमॅटो घातला की ते सूप. सूप वाईट नसतं, पण ते सूप." 2016 मध्ये डिस्नीने केल आणि किनवा घातलेला 'हेल्दी' गंबो इंटरनेटवर टाकला होता, त्यात रू नव्हताच. लुइझियानाने असा काही गोंधळ घातला की त्यांना तो काढून टाकावा लागला. मला त्या आठवड्यात लाफियेटहून इतके मेसेज आले, तेवढे वादळाच्या वेळीही येत नाहीत.

आमच्या घरातलं खरं भांडण तेलावरून आहे. गंबो शिजत आला की वर लालसर तेल जमतं, आणि लुइझियानात ते पळीने काढून टाकायची पद्धत आहे. मी पळी हातात घेतली की नागपूरकर धावत येतो. "अगं, तर्री आहे ती!" शेवटी तह झाला. मी काढते, वाटीत ठेवते, आणि तो आपल्या भातावर परत ओतून घेतो. आजींना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला लाकडं तोडायचं काम असेल तर चालेल." तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भात साधा हवा. बासमती नको, त्याचा सुगंध गंबोशी भांडतो. भारतीय दुकानातला कोलम छान बसतो. आमच्या शेजाऱ्यांनी प्रेमाने इथल्या वाइल्ड राइसची पिशवी आणून दिली होती. मिनेसोटाचा मान आहे तो, पण तो दाणा रस्सा आत घेत नाही, नुसता त्यात पोहत राहतो. त्याचं आम्ही मशरूमचं सूप केलं आणि त्यांनाच जेवायला बोलावलं.

भाताऐवजी, किंवा भाताबरोबरही, लाफियेटकडे गंबोत बटाट्याचं सॅलड घालतात. अंडं, मेयोनीज, मोहरीची पेस्ट घातलेलं, फ्रीजमधलं गार सॅलड गरम रश्शात. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण गरम, काळ्या, तिखट रश्शात तो आंबट-गार घास आला की पुढचा चमचा तिकडेच वळतो. मोहरी पिवळीच हवी.

वरून हॉट सॉस ज्याचा त्याने. फक्त चव बघायच्या आधी नको. न्यू ऑर्लिन्सच्या 'डूकी चेस'मध्ये बराक ओबामा 2008 च्या प्रचाराच्या वेळी जेवायला आले आणि चव न बघताच त्यांनी लीआ चेस यांच्या गंबोत हॉट सॉस ओतायला घेतला. बाईंनी हातावर चापट मारली. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसायलाही बंदी होती त्या वर्णभेदाच्या काळात गोरे-काळे चळवळे ज्या माडीवर बसून बेत आखायचे तिथली ही मालकीण. होणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला काय भीक घालणार? 2019 मध्ये, 96 व्या वर्षी त्या गेल्या. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी त्या पालेभाज्यांचा हिरवा गंबो करायच्या, 'गंबो झेर्ब'. उन्हाळ्यात इथल्या हमाँग, म्हणजे आग्नेय आशियातून आलेल्या लोकांच्या बाजारात मोहरीची पानं, रताळ्याचा पाला, काय काय येतं, तेव्हा त्याची बिनमांसाची आवृत्ती मी मंडळातल्या शाकाहारी मंडळींसाठी करते. त्यावर वेगळं लिहीन. नुसतं इथे उरकण्यासारखं ते नाही.

उरलेल्याबद्दल. गंबो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो हे खरं, पण मोठं भांडं गरम गरम फ्रीजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. इथे हिवाळ्यात सोय आहे: भांडं झाकून मागच्या व्हरांड्यात बर्फात रोवायचं, गार होईपर्यंत अधूनमधून ढवळायचं. उरलंसुरलं तेल वर थिजून पापुद्रा येतो, तो अख्खा उचलून काढता येतो (नागपूरकर झोपल्यावर). डब्यांत भरून गोठवायचा असेल तर भात वेगळा ठेवा आणि कोळंबी आधीच खाऊन टाका, गोठवून परत तापवलेली कोळंबी रबर होते. फिले घातलेला गंबो परत उकळू नका. आणि डब्यावर तारीख घाला, कारण फ्रीझरमध्ये तो आमटीसारखाच दिसतो आणि माझ्या सासूबाईंनी एकदा त्यात गूळ घातला होता.